नाकातली शिट्टी

भंडारा, बुधवार, ७ फेब्रुवारी १९७९

जेवताना धाकटी म्हणाली, "बाबा, तुमचं नाक शिट्टी वाजवून राहिलं!" सगळे हसले. मीही हसलो, पण हात नाकाकडे गेला.

भांड्यांना कल्हई करायचो तेव्हा नवसागराच्या धुरानं डोळे चुरचुरायचे, कळायचं तरी. आता पितळी नळ टाकीत बुडवून त्यांवर क्रोम चढवतो. त्या टाकीची वाफ कळतही नाही. महिनाभर नाकातून रक्त येतंय, पण दुखत नाही. दुखत का नाही?

ताट सारून मिस्त्रीच्या खोलीवर गेलो. त्यानंच नागपूरहून येऊन टाकीचं काम शिकवलं.

"काहून भेतेस बे? दहा वर्सं झाले, मले काही झालं काय?"

बरं वाटलं. मग बोलणं थांबलं, आणि खोलीत दोन शिट्ट्या वाजू लागल्या.