दाराजवळचा पिवळा तुकडा

पांढुर्णा
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चि. पूजाले आईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहो, म्हणजे दोघंबी जेवून राहिलो आन भांडून राहिलो. तुह्या सासूबाईचे गुडघे कसे आहेत? थंडी पडून राहिली, जावईबापूले म्हणा सौसरले जाताना स्वेटर घालत जा. गॅरेजच्या कामात अंगाकडे लक्ष राहत नाही माणसाचं.

चिठ्ठी पाहून हसशील. नदीच्या ह्या काठावरून त्या काठाले कोणी चिठ्ठी लिहिते का? पण फोन केला की तू रडते. सावरगावले तुह्या घरी आली तर चहा पाजता पाजता रडते. मग मलेबी रडू येते आन बोलायचं तसंच राहून जाते. म्हणून कुसुमच्या भाजीच्या टोपलीत टाकून देऊन राहिली.

बाई, ह्या गाडीनं माहं डोकं उठवलं! शाळेची जुनी व्हॅन घेतली, आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, सारं झालं. तुह्या बाबानं स्वतः ठोकलं, चांगलंच ठोकलं, नाव ठेवायले जागा नाही. म्हणे, विजयमाला, तुले समुद्र दाखवतो, रस्त्यात कुठंबी झोपू, हॉटेलवाल्याचं तोंड पाहायचं काम नाही. मी इकडे शेव-चिवड्याचे डबेसुद्धा भरले. ते डबे आता आम्हीच खाऊन संपवून राहिलो, काहून की गाडीले बाहेरून काय लावायचं हेच ठरत नाही!

पहिले म्हणे स्टिकरचं कापड गुंडाळू, पूर्ण गाडीले. नागपूरचा माणूस आला, हात फिरवून म्हणाला, पत्रा सपाट करा, नाही तर कापड फुगते. बाबा म्हणाले, मग नको. मग म्हणे जीपले लावतात तसला जाड खरखरीत लेप लावू, गोटा लागला तरी ओरखडा नाही. मी म्हटलं, घोरपडीसारखी गाडी घेऊन मी कुठं जाणार नाही, आन त्यात अडकलेली धूळ कोण धुणार? तेबी राहिलं. मग साधा चकचकीत रंग. त्यात हिरवा का पांढरा, यावर पंधरवडा गेला. शेजारचे भगवंतराव रोज संध्याकाळी येऊन नवीन रंग सांगतात, चहा पितात आन जातात. साऱ्या मोहल्ल्याले विचारून झालं. मले सोडून.

आता गाडी कशी दिसते सांगू? सारी घासून राखाडी प्रायमर मारला आहे, फक्त दाराजवळ हातभर जागा शाळेची पिवळीच आहे. मधात तो पोचा. तुले माहीत आहे कोणता.

त्याच्याविषयी लिहायचं नाही असं ठरवलं होतं मी. पण काय करू, गाडीविषयी लिहायले बसलं की तिथंच येऊन ठेचकाळते.

गोटमारीच्या दिवशी, दोन्ही काठांवरून गावं एकमेकांले गोटे मारत असताना, नदीकाठी गाडी उभी करायचं ह्यांनाच सुचलं. लोकायले दाखवायची होती ना! मी म्हटलं, अहो, आज शहाणा माणूस सायकलसुद्धा तिकडे नेत नाही. तर म्हणे, समोर माहीच सोयरीक आहे, माह्या गाडीले कोण मारते? जावईबापू सावरगावचे, ते तिकडूनच खेळणार. गोटा काय नाव विचारून येते? बसला दाराजवळ. आन आपल्याकडे त्या दिवसाचा राग कोणी दुसऱ्या दिवसावर नेत नाही. डोकं फुटलेले लोक डोकं फोडणाऱ्याच्या घरी जेवतात. जावईबापू तर बिचारे दुसऱ्या दिवशी सकाळीच पूल ओलांडून आले. कोणी पाहिलं नव्हतं, तरी स्वतःच म्हणाले, "बाबा, तो गोटा माह्या हातचा होता, मी पोचा काढून देतो."

आन तुहे बाबा साऱ्या मोहल्ल्यासमोर ओरडले, "पुन्हा तुह्या हातानं माह्या गाडीले शिवायचं नाही!"

जावईबापू खाली मान घालून गेले. तवापासून ते आले नाही, तू आली नाहीस. दिवाळीत मी अनारसे केले आन कोणाच्या तोंडात घालावे ते समजेना. राग येते मले, पूजा. तुह्या बाबाचा येते, जावईबापूच्या मानापमानाचा येते, तुहाबी येते.

आता खरी गोष्ट ऐक. रविवारी लोधीखेड्याचा शालिकराम पेंटर आला. पोच्याजवळ पुट्टीचं पातं नेलं, तर ह्यांनी त्याचं मनगट धरलं. "तेवढं सोडून कर." तो म्हणाला, "काकाजी, मग रंग कसा बसन?" तर ह्यांचं उत्तर काय, "माहा जावई सौसरले हेच काम करते. पत्र्यावर त्याच्यासारखा हात ह्या भागात कोणाचा नाही. ती जागा त्याची आहे."

मी खिडकीतून ऐकलं. तव्यावरची भाकर जळून कोळसा झाली. बाहेर येऊन म्हटलं, "मग बोलवा ना त्याले!" तर म्हणे, "मी शब्द बोललो आहे. आता कोणत्या तोंडानं बोलवू?" आन नळावर जाऊन हात धुवत बसले. हात स्वच्छच होते.

समजलं का वं, पोरी? कापड नको, लेप नको, रंग नको, हे सारं ढोंग होतं. रोज सकाळी त्या पिवळ्या तुकड्यावरची धूळ फडक्यानं पुसतात. मले वाटे, राग धरून बसले. राग नाही तो. वाट पाहून राहिले. मघा गाडीत झाडायले गेली, तर दोन पलंगाच्या वर आणखी दोन पलंग ठोकलेले दिसले, घडी होणारे. मले सांगितलंसुद्धा नाही.

ह्यांना शब्द मोडता येत नाही तर न मोडो. "माह्या गाडीले शिवायचं नाही" म्हणाले ना? गाडी त्यांची नाहीच. घेतली तवा मोठ्या हौसेनं माह्या नावावर केली, आन विसरले. तर जावईबापूले माहा निरोप सांग: माह्या गाडीचा पोचा काढायचा आहे, रविवारी हातोडी, पुट्टी, पॉलिश पेपर घेऊन या. कोणी दारात अडवलं तर मी पाहून घेईन. आन तूबी ये, रडायचं असलं तर इथं येऊन रड. समुद्राचं मले एवढं पडलेलं नाही, पण तुह्याशिवाय मी त्या गाडीत पाय ठेवणार नाही.

रंग निळा. कोणी विचारलं नाही, म्हणून सांगून राहिली.

तुही आई आन गाडीची मालकीण,
विजयमाला