ड्युटीवर आहे, आई

३ नोव्हेंबर
पेठ रोडच्या रोपांच्या नर्सरीत पहिला दिवस. काळ्या पिशव्यांत माती भरायची, रोप लावायचं, पाणी द्यायचं — बस्स. मालक पुंजाभाऊ म्हणाले, "घाई नाही ताई, रोपं कुठं पळून चाललीत?" मला रडूच आलं. तेरा वर्षं आयसीयूत इन्चार्ज सिस्टर होते. 'घाई नाही' कुणी म्हटलं नव्हतं.

दुपारी नामपूरहून आईचा फोन. "कुठं हायेस?"
"ड्युटीवर." अगदीच खोटं नाही — पण खोटंच.

९ नोव्हेंबर
नखांतली माती निघत नाही. लिफ्टमध्ये हात ओढणीखाली धरते.

१६ नोव्हेंबर
आज आशा आली, तुळस घ्यायला. माझ्या हाताखालची सिस्टर. मी कुंड्यांच्या मागे जाऊन बसले. ती जाईपर्यंत उठले नाही. चाळिशीची बाई, लपून बसलेली.

लिहूनच टाकते. ऑगस्टमध्ये चार नंबरच्या बेडचा मॉनिटर वाजायला लागला आणि माझे हात हललेच नाहीत. काय करायचं ते सगळं माहीत होतं, मीच पोरींना शिकवलेलं. तरी नुसती उभी. आशानं मला बाजूला ढकललं आणि त्या बेडवरच्या म्हाताऱ्या बाबांची छाती दाबायला लागली. बाबा वाचले. तिच्यामुळे. नंतर एवढंच म्हणाली, "मॅडम, तुम्ही थकलात." कुणाकडे बोलली नाही.
राजीनाम्यात मी लिहिलं — घरगुती कारण.

१७ नोव्हेंबर
सलग सात तास झोपले. त्याचीही लाज वाटली.

२३ नोव्हेंबर
आईनं विचारलं, "लय काम हाय का गं?" मी म्हटलं, पाच पेशंट, त्यातला एक सिरियस. आजारी माणसंसुद्धा मनानं रचली. ती नुसती "हूं" म्हणाली. शी. कुठवर जाणार आहे मी?

३० नोव्हेंबर
नामपूर. आईला सगळं सांगितलं, चार नंबरच्या बेडसकट. ती मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, "मला पहिल्याच फोनला कळलं. दवाखान्यात इतकी पाखरं कुठं ओरडतात? अन् मागं कुणी रोपांचा भाव विचारतं व्हय? गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं मी, पोरगी आता रोपं वाढवती. सकाळी लवकर आवर. शेजारची कुसाबाई येणार हाय — तिच्या कढीपत्त्याला कीड लागली, म्हणती तुलाच दाखवायचाय."