व्याह्यांच्या यंत्राची पाचर

उरण,
दसऱ्यानंतरचा मंगळवार, १९६६

राजमान्य राजश्री बाळाजीराव व्याही यांच्या सेवेशी,

धर्माजीने दोन्ही हात जोडले आहेत असे समजावे. (एका हातात चुन्याचा कुंचा आहे आणि तो खाली ठेवायला कोरडी जागा नाही.) आपला गुडघा कसा आहे? विहीणबाईंचे डोळे? इकडे भिंत सोडून सर्वांचे बरे आहे. कोकिळेला खोकला होता, तो उतरला. घाबरू नये, पण पत्र शेवटपर्यंत वाचावे.

आमचा सदा आणि आपली कोकिळा यांच्या लग्नात आपण आपल्या शेठच्या ऑफिसातून उतरवलेले थंड हवेचे यंत्र आंदण दिलेत, लाँचीतून मोऱ्याच्या धक्क्याला आणलेत आणि त्यांच्या खोलीच्या खिडकीत स्वतः बसवलेत. अर्धे गाव खोलीत उभे राहून कुडकुडले. (माझ्या चुलत्यांनी तर कानाला फडके बांधले.) पण श्रावण सरता सरता यंत्राखालच्या भिंतीवर काळा डाग उठला. आधी बशीएवढा, मग परातीएवढा. वेणूबाईंनी, म्हणजे आमच्या मंडळींनी, चुना फासला. डाग चुन्यातून वर आला. मग मी पुढे सरसावलो. जन्म मिठागरात गेला, मीठ पाणी ओढते हे मला कोणी शिकवायला नको, म्हणून भिंतीला टेकून मिठाची गोण उभी केली. गोणीने भिंतीतले पाणी ओढले, हवेतलेही ओढले, आणि ते सगळे पाझरून शेजारच्या कपड्यांच्या पेटीत सोडले. पेटीत आपण दिलेला शालू होता. उघडला तर घडीघडीत हिरवी बुरशी.

त्या दिवसापासून घरात कोणी धड बोलेना. कोकिळा खोकायला लागली. वेणूबाई सुनेकडे बघेनात, सदा आईकडे बघेना. शेवटी जेवताना वेणूबाईंच्या तोंडून निघालेच, "मी या घरात आले तवापासून ही भित पांढरी व्हती. कुनाचा पाय लागला ते दिसतंय." सदा ताटावरून उठला. कोकिळेने मान खाली घालून भात संपवला. मला वाटले, उद्याच्या लाँचीने ही माहेरी जाणार आणि आपल्या दोन्ही घरांचे येणे-जाणे संपणार.

सकाळी भीतभीतच खोलीत डोकावलो. कोकिळा पेटीवर चढून उलथन्याने यंत्राखालची पाचर उचकटत होती. बाळाजीराव, रागावू नये. वारा खाली उतरावा म्हणून आपण पाचर मारून यंत्र खोलीकडे कलते केले होते ना? वारा उतरला, त्याच्या मागून यंत्रातले पाणीही भिंतीवर उतरले. मला पाहताच ती रडवेली झाली. म्हणाली, "मामंजी, आत्याबाईंना सांगू नका. बाबा एवढ्या गावासमोर मिरवले. त्यांना कुनी हसलेलं मला न्हाय सोसायचं. माझ्या पायगुणावर गेलं तर जाऊ दे."

मी वळलो तर दारात वेणूबाई. मी डोळेच मिटले. त्या आत आल्या, सुनेच्या हातातले उलथने घेतले आणि म्हणाल्या, "खोकतेस तू. खाली उतर." बस, एवढेच. दुपारी त्यांनी माझ्याकडून सगळा गिलावा खरवडून घेतला. डॉक्टरांनी ती खोली वर्ज्य सांगितली तेव्हा कोकिळेचे अंथरूण माजघरात स्वतःच्या शेजारी घातले. शालू त्या रोज उन्हात धरून मऊ फडक्याने पुसतात, कुणाला हात लावू देत नाहीत. (सदा ओटीवर झोपतो. त्याला कुणी विचारत नाही.)

विहीणबाईंना नमस्कार सांगावा.

आपला,
धर्माजी

ता. क. : मुद्द्याचे राहिलेच. दिवाळीला याल तेव्हा, शेठने परत मागितले असे सांगून यंत्र घेऊन जावे. पाचरीचे आपल्याला कळले हे मात्र कोकिळेला कळू देऊ नये.

ता. क. दुसरा : वरचे रद्द. पत्र टाकायचे राहिले, तोवर भिंत वाळली आणि यंत्र बाहेरच्या बाजूला कलते केले. पाणी कुठे पडते ते बघायला वेणूबाई दुपारी आत गेल्या, त्या अजून बाहेर आलेल्या नाहीत. कोकिळेला हाक मारली तर तीही आतच. दार जरा किलकिले केले तर दोघी एकदम ओरडल्या, "वारा जातोय!" तेव्हा यंत्र नेण्याचे नाव काढू नये. दिवाळीला येताना आपापली पांघरुणे मात्र आणावीत. आमच्या घरातली सगळी आत गेली आहेत.