हात वर करण्याचे वय

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, मोटार ड्रायव्हिंग स्कूलची मालकीण, गावभर ‘ब्रेकवाल्या बाई’ म्हणून ओळखली जाणारी, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. डोळे मात्र ठिकाणावर नाहीत, म्हणून मी सांगते आहे आणि वकीलबाई लिहून घेत आहेत. मला कोणीही धाक घातलेला नाही. धाक घालायलाही अंगात उत्साह लागतो, आणि तो या घरात सध्या फक्त माझ्या नातीकडे आहे. याआधी केलेले मृत्युपत्र मी राजीखुशीने रद्द करते.

१. शिकाऊ गाडी, जिच्यात शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक आहे, ती माझ्या नातीला, म्हणजे धाकट्या मुलाच्या मुलीला द्यावी. ती सोळा वर्षांची आहे आणि शाळेसाठी माझ्याकडे राहते. अठरा पूर्ण होईपर्यंत तिने गाडीला हात लावायचा नाही. तोवर चावी वन्संकडे राहील. दुसरा ब्रेक काढून टाकू नये. त्या ब्रेकने या गावातली निम्मी कुंपणे वाचवली आहेत.

२. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केले नाही, जन्म याच घरात काढला. त्यांच्याबद्दल लिहिण्याआधी घरचा नियम सांगणे भाग आहे. आमच्याकडे मोठा निर्णय जेवणाच्या टेबलावर हात वर करून होतो, आणि ज्याचे लायसन्स चालू असेल त्याचाच हात मोजतात. हा नियम ह्यांनी घातला. मुलांना जबाबदारी कळावी, हा हेतू. वन्संनी लायसन्सच्या परीक्षेच्या दिवशी मागच्या आवारात गाडी वळवून दाखवायला मांडलेली सगळी पिंपे आडवी केली आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. तेव्हापासून घराला रंग कोणता द्यायचा इथपासून ह्यांना कुठल्या दवाखान्यात न्यायचे इथपर्यंत एकाही गोष्टीत त्यांचा हात मोजला गेला नाही. स्वयंपाक मात्र सगळ्यांनी त्यांच्या हातचा खाल्ला. थोरल्या मुलाने एकदा पिऊन गाडी चालवली आणि त्याचे लायसन्स काही काळ जप्त झाले. त्या काळात सोफा घेतला. त्याच्या रंगावरून तो अजून कुरकुर करतो. दोन्ही सुना या तमाशापासून लांब राहिल्या, शहाण्या आहेत.

३. सदर सोफा थोरल्याला द्यावा.

४. मतदानाचे वय अठरावरून सोळावर आणावे की नाही, यावरून सध्या देशभर वाद चालू आहे. आमच्या घरात तो सकाळच्या चहापासून चालू असतो. नात फलक घेऊन फिरते. वाचनालयात चर्चा ठेवली तेव्हा विरोधी बाजूने बोलायला मलाच बोलावले. मी म्हणाले, “सोळाव्या वर्षी आपण पोराच्या हातात गाडी देत नाही, मग देश कसा द्यायचा?” टाळ्या पडल्या. समोरून नात उठली आणि म्हणाली, “आजी, तुझ्या गाडीत शिकाऊ माणूस एकटा असतो का? तुझ्या पायाशी ब्रेक असतोच ना? तसे बाकीचे सगळे मतदार असतात आमच्या शेजारी.” तिलाही टाळ्या पडल्या, जरा जास्तच. मुद्दा बरा होता. मी तिला तसे सांगितले नाही. माझे मत अजूनही विरोधातच आहे आणि ते इथे मुद्दाम नोंदवून ठेवते, नाहीतर माझ्या पश्चात ती मला आपल्या बाजूला ओढून नेईल.

५. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी पोटाचे मोठे ऑपरेशन सुचवले. दोन्ही मुलगे आले. जेवणे झाली आणि रीतीप्रमाणे मतदान झाले. थोरल्याने हात वर केला, धाकट्याने केला. झाले, ठरले. मी काही बोलणार तोच थोरला म्हणाला, “आई, तू बोलू नकोस, दम लागतो तुला.”

नात म्हणाली, “आजीला विचारलंत का कुणी?”

“तिचं लायसन्स मागच्याच वर्षी संपलं,” धाकटा म्हणाला. “डोळ्यांमुळे नवीन मिळालं नाही. नियम म्हणजे नियम.” त्याला गंमत करायची होती.

“पोट तिचं, आणि हात तुमचे?” नात उभी राहिली होती. “आणि मला म्हणता, सोळाव्या वर्षी काय कळतं!” मग ती माझ्याकडे वळली. “आजी, तुला करायचंय का ऑपरेशन?”

मी नाही म्हणाले. मी फार दमले आहे. तशी बरेच दिवस दमलेली होते, पण विचारल्यावर पहिल्यांदा सांगता आले. वन्सं माझ्या शेजारी बसून रडत होत्या, आणि त्यांना असे किती वेळा गप्प बसावे लागले असेल ते मला त्या रात्री कळले. मुलांनी माझे ऐकले. ती वाईट नाहीत, त्यांना सवय लागली आहे.

६. राहते घर व मागचे आवार विकून टाकावे असे दोन्ही मुलांच्या मनात आहे, गिऱ्हाईकही त्यांनी बघून ठेवले आहे. जुन्या नियमाने दोन हात विरुद्ध शून्य असे ते केव्हाच विकले गेले असते, आणि त्यात राहणाऱ्या वन्संना आणि नातीला कोणी विचारले नसते. म्हणून लायसन्सचा नियम मी आजपासून मोडीत काढते. घर थोरला, धाकटा, वन्सं आणि नात या चौघांच्या नावे समान राहील. चौघांचे हात वर गेल्याशिवाय ते विकता येणार नाही. नातीचा हात आजपासूनच मोजावा असे मी म्हटले. वकीलबाई म्हणाल्या, कायद्यात बसत नाही, ती अजून ‘अज्ञान’ आहे. हा शब्द त्यांचा, माझा नाही. तेव्हा ती अठरा पूर्ण करेपर्यंत घर विकण्याचा विषयच टेबलावर येऊ नये.

७. औषधपाणी भागून बँकेत जे उरेल ते नातीच्या शिक्षणाला द्यावे. यावरून कोणी तोंड फुगवू नये.

८. नातीने गाडी शिकल्यावर वन्संना शिकवावी. त्यांची इच्छा असेल तर. आधी विचारावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणेच आहे. स्वल्पविराम मात्र त्यांचे आहेत.

ठिकाण: पुढची खोली, जिथे शिकाऊ मंडळी आपली पाळी यायची वाट बघत बसायची.
दिनांक: १४ मार्च, मंगळवार.

सही: (ओळीच्या जरा वर गेली आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार:
१. डॉक्टर (सही)
२. वाचनालयाच्या ग्रंथपाल बाई (सही)

ता. क. नातीला साक्षीदार व्हायचे होते. तिचे वय बसत नाही आणि तिला वाटाही मिळतो, म्हणून तिची सही चालत नाही, असे वकीलबाईंनी समजावून सांगितले. तेव्हापासून ती दारात हात वर करून उभी आहे. खाली घे म्हटले तरी घेत नाही. मला नीट दिसत नाही, तरी तो हात मी मोजला आहे.