सोमीवहिनींना सांगायचं राहिलेलं

जामसर,
१४ जानेवारी २००४

सोमीवहिनी, नमस्कार.

मंगळूदादा गेला तेव्हा, तुमचा पायगुणच वाईट, असं मी चारचौघांत बोललो. तुम्ही हर्षदाला घेऊन सूर्यमाळला माहेरी निघून गेलात. मी अडवलं नाही.

गेल्या वर्षी माझ्याही मूत्रपिंडात गाठ निघाली. मुंबईच्या एक डॉक्टरीणबाई अशा गाठी पिढ्यान् पिढ्या निघणाऱ्या घराण्यांवर संशोधन करतात. त्यांनी आपल्या कुळातली माणसं विचारून कागदावर वंशावळ काढली. आजा, बाबा, आत्या आणि दादा, सगळे याच दुखण्याने गेलेले. मग माझं रक्त तपासलं. म्हणाल्या, "दोष एका जनुकात आहे. तो वडिलांकडून तुमच्यात आलाय."

मी विचारलं, "घरात आलेल्या सुनेमुळे असं होऊ शकतं का?"

त्या म्हणाल्या, "सुनेचा काय संबंध, गुरुजी?"

माझी गाठ लहान होती, ती काढली. आता शाळेत जातो. पण हा दोष हर्षदाकडेही आला असेल किंवा नसेल. रक्त तपासलं तर कळेल, आणि वेळीच कळलं तर तिचं दादासारखं होणार नाही.

हे पत्र पोस्टात टाकायला निघालो होतो. मग आठवलं, तुम्हाला वाचता येत नाही. हर्षदाच वाचून दाखवील. तेरा वर्षांच्या पोरीने हे स्वतःच्या तोंडाने वाचायचं?

म्हणून पत्र टाकत नाही, रविवारी मीच येतो. दारातच उभं ठेवलंत तर दारातूनच माफी मागेन. मला माफ करू नका हवं तर, पण पोरीला तपासायला नेण्यापुरतं माझं ऐका.

तुमचा चुकलेला दीर,
गोकुळ