त्रेचाळीस गव्यांचा नकाशा

१४ सप्टेंबर २०२५, रविवार

सर्टिफिकेट आलं. इमेज अ‍ॅनालिसिस आणि जीआयएस, म्हणजे फोटो वाचणं आणि कॉम्प्युटरवर नकाशे करणं. ऑनलाइन, आठ आठवडे. मी पाच बघितले. उरलेले तीन दुप्पट स्पीडवर, जेवताना. मूळ कल्पना डोक्यात बसली की बाकीचा नुसता तपशील असतो. कॉम्प्युटरला फोटो दाखवायचे, त्यातली वस्तू ओळखायला शिकवायची, ती नकाशावर मांडायची. इतकंच.

आजपासून मी फक्त फ्लेक्सवाला नाही. व्हिजिटिंग कार्ड आपल्याच मशीनवर छापलं. पारस भूपाल मगदूम, प्रतिमा व अवकाशीय विश्लेषक, मंगळवार पेठ. बायकोने, आदितीने, वाचलं आणि विचारलं, अवकाशात कधी निघायचं, डबा द्यायला बरं. ती शाळेत गणित शिकवते. तिला नावीन्य पचत नाही.

संकल्प : रोज पहाटे पाचला उठून कोडिंग.

१७ सप्टेंबर

पाचला उठलो नाही. पण आज पहिलं काम आलं.

चंदगडकडच्या एका वाडीतल्या शेतकरी गटाच्या अध्यक्षा धोंडुबाई सभेचा फ्लेक्स करायला दुकानात आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, भात पोटरीला आलंय आणि रानातनं गवं उतरत्यात. गटाला विजेच्या झटक्याचं कुंपण मिळालंय, पण ते शिवाराच्या एकाच बाजूला पुरेल एवढं. कुठल्या बाजूला लावायचं यावर गावात दोन तट.

मी म्हणालो, अ‍ॅनालिसिसशिवाय एक खांबही रोवू नका. ड्रोनने फोटो काढतो, प्रोग्रॅम गवे शोधेल, नकाशाच बोलेल. लग्नांच्या शूटिंगचा ड्रोन आहेच. बाई म्हणाल्या, न्हाय बोलला तरी चालंल पावणं, गवं कुठनं येत्यात तेवढं दिसूद्या.

फ्लेक्सवर त्यांचं नाव मोठ्या टायपात घेतलं. क्लायंट रिलेशन.

२० सप्टेंबर

अडचण. प्रोग्रॅमला शिकवायला गव्यांचे तीनशे फोटो लागतात. गवे फोटोला उभे राहत नाहीत.

उपाय मलाच सुचला. गवा म्हणजे म्हशीचा चुलतभाऊ. रंग काळा, शिंगं, चार पाय, तोच चेहरा. गंगावेशीत दूधकट्ट्यावर आणि रंकाळ्याकडच्या गोठ्यांत जाऊन ३१२ म्हशींचे फोटो काढले, शक्यतो गच्चीवरून. एका गवळ्याने विचारलं, म्हशीचं लग्न जमवताय काय. दुर्लक्ष केलं.

आण्णांनी स्क्रीनवर बघितलं. वडील मोजणी खात्यातून निवृत्त झाले त्याला चौदा वर्षं झाली, पण दुसऱ्याच्या कामात वाकून बघायची सवय गेली नाही. म्हणाले, गव्याच्या पायात पांढरे मोजे असतात, म्हशीच्या नसतात. त्यांना समजावलं की ड्रोन वरून बघतो, वरून मोजे दिसत नाहीत. ते बरं म्हणाले.

२६ सप्टेंबर

अचूकता ९८ टक्के!

प्रोग्रॅमला फोटो दाखवले, त्याने धडाधड ओळखले. आदितीने विचारलं, हे शिकवतानाचेच फोटो का? मी म्हणालो, अर्थात, ओळखीचे असलेले बरे. ती म्हणाली, म्हणजे पेपर आधीच फोडला आणि आता निकालाचे पेढे वाटतोयस. शिक्षकी वृत्ती. अशाने देश पुढे जात नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

वाडीवर. आण्णा न बोलावता गाडीत बसले. चंदगडला नोकरीत तीन वर्षं होते, परत बघायचंय म्हणाले.

अकराच्या सुमाराला मी शाळेच्या स्लॅबवर सावलीत बसून ड्रोन उडवला. ६४० फोटो. आण्णा काळी छत्री घेऊन धोंडुबाईंबरोबर बांधाबांधाने हिंडले. जनावरांचं शेण बघत होते म्हणे. तीन तासांनी गुडघ्यापर्यंत चिखलात परतले. एका शिकलेल्या माणसाला या वयात असं करावं लागू नये. वाईट वाटलं.

६ ऑक्टोबर

निकाल आला. त्रेचाळीस गवे. सगळे पूर्वेला, तळ्याभोवती. नकाशावर तो भाग भडक लाल. इतकं सुंदर डिझाइन मी आजवर कुणाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सलाही केलं नव्हतं.

आण्णांनीही एक नकाशा काढलाय. लग्नपत्रिकेच्या पाठीवर, पेन्सिलने. त्यांच्या मते गवे दहा-अकरा, आणि येतात पश्चिमेकडून, ओढ्यातून. मी सांगितलं, आण्णा, तुमचा हा आउटलायर आहे. (बाकीच्या आकड्यांत न बसणारा, सोडून द्यायचा.) ते पुन्हा बरं म्हणाले. समजूतदार आहेत.

८ ऑक्टोबर

वाडीच्या शाळेत सादरीकरण. प्रोजेक्टर माझाच. लाल डाग आल्यावर सगळे गप्प झाले. प्रभाव.

जोतीराम म्हणून एक शेतकरी, त्याचं रान पश्चिमेला. तो म्हणाला, तळ्यावर अकराच्या सुमाराला गावच्या म्हशी असत्यात. मी म्हणालो, प्रोग्रॅमने पाहिलं ते असं आहे. तो खाली बसला. धोंडुबाई आण्णांकडे वळल्या. सायेब, तुमी काय म्हंता. आण्णा पत्रिका घडी करून खिशात ठेवत म्हणाले, हा विषय पोराचा आहे.

ठरलं. कुंपण पूर्वेला.

परत येताना आण्णा आजऱ्यापर्यंत खिडकीबाहेर तोंड करून बसले. घाटात गाडी लागली असावी.

१८ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

धोंडुबाईंचा फोन. गवे रात्री पश्चिमेकडून आले. जोतीरामची दोन वावरं आणि बाईंचं एक. कापणीला आठ दिवस होते. खाल्लं त्यापेक्षा तुडवलं जास्त. शिवाय पूर्वेला म्हशींना झटके बसून त्या तळ्याकडे फिरकेनात आणि दूध आटलंय.

मी म्हणालो, गव्यांनी कुंपण बघून रस्ता बदलला असणार, याला डेटा बदलणं म्हणतात. बाई म्हणाल्या, व्हय व्हय. आणि फोन ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी. जेवण गेलं नाही. हवामानामुळे.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. पहाटे जैन मंदिरात निर्वाण लाडू चढवून आलो. घरात फराळ. मी वर जाऊन लॅपटॉप उघडला. प्रोग्रॅम चालवला नाही. नुसते फोटो बघितले. एकेक, मोठे करून.

आजवर एकही बघितला नव्हता. ६४० काढले, प्रोग्रॅमला दिले, त्याने आकडा दिला, मी आकडा बघितला.

त्रेचाळीसपैकी एकोणचाळीस म्हशी. दोन खडक. एक गवताची गंजी. एक आण्णा. छत्री घेऊन बांधावर वाकलेले, भोवती लाल चौकट, गवा, खात्री ८८ टक्के.

ते कशावर वाकलेत ते बघायला फोटो आणखी मोठा केला. चिखलात खुरं उमटलेली. त्यांचा माग ओढ्यापासून भातापर्यंत, वरून स्वच्छ काळी रेघ. पुढच्या सोळा फोटोंत तीच रेघ. आण्णांनी पेन्सिलने बाण काढला होता बरोबर तिथेच.

खाली गेलो. आण्णांना फोटो दाखवून विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं तर सभेत बोलला का नाही. आण्णा चकली मोडत म्हणाले, चारचौघांत तुझी लाज राखली. राखायला पाहिजे होतं त्यांचं भात. चूक माझीपण आहे.

मग विचारलं, आउटलायर म्हणजे काय रे? मला वाटलं, काहीतरी चांगलं म्हणालास.

२३ ऑक्टोबर

वाडीवर जायचं ठरवलं होतं. भाऊबीज. बहिणी येणार. वाडी उद्या.

२४ ऑक्टोबर

गाडीचा टायर जरा मऊ वाटतोय.

२५ ऑक्टोबर

आदिती म्हणाली, टायर मी हवा भरून आणलाय, आता काय मऊ आहे ते बघ. आण्णा आधीच गाडीत बसले होते.

धोंडुबाईंच्या अंगणात सगळं सांगितलं. म्हशी, खडक, गंजी. आण्णांची चौकट सांगितली नाही, ती आण्णांनी सांगितली. बाई पदर तोंडाला लावून बराच वेळ हसल्या. जोतीराम हसला नाही. म्हणाला, म्हशी हाईत हे मला तवाच कळलंतं. पण पडद्यावर एवढं लालभडक लावलंतं, वाटलं मशिनीला आमच्यापेक्षा काय तरी जास्त कळत आसंल. माझी दोनी वावरं गेली की वो.

याचं उत्तर कोर्समध्येही नव्हतं.

धोंडुबाईंनी हसणं थांबवलं आणि पहार माझ्या हातात दिली. म्हणाल्या, कुंपाण तिकडनं काढा आणि हिकडं लावा, पावणं. जे ऱ्हायलंय ते तरी राखूया.

२७ ऑक्टोबर

तीन दिवस वाडीवरच. आण्णा दोरी धरून रेघ आखतात, जोतीराम आणि मी खड्डे खणतो. तो एका तासात चार, मी एक. कालपर्यंत तो माझ्याशी बोलत नव्हता. आज म्हणाला, पहार मधनं धरायची न्हाय, वरनं धरायची. हाताला सात फोड. याला फील्ड व्हॅलिडेशन म्हणता येईल. आण्णांना तसं म्हणालो. ते म्हणाले, याला खड्डा म्हणतात.

१ नोव्हेंबर

धोंडुबाईंचा फोन. परवा गवे ओढ्यापर्यंत आले, कुंपणाशी थांबले, तोंड लावून बघितलं आणि माघारी गेले. सकाळी खुरं मोजली. अकरा गवे. उरलेली कापणी सुरू झाली.

आनंद झाला. रीतसर बघितलं तर माझ्याही फोटोंत ती रेघ होतीच. म्हणजे डेटा पहिल्यापासून बरोबर होता. फक्त वाचन चुकलं. हा मुद्दा आदितीला सांगितला. तिने भांडी घासायला दिली.

संकल्प : गव्यांच्या प्रकल्पावर एक लेख. शक्य झाल्यास इंग्रजीत. आजूबाजूच्या तालुक्यांतून विचारणा येईलच, वेबसाइट तयार हवी.

६ नोव्हेंबर

विचारणा आली! गारगोटीकडच्या एका गावातून. त्यांच्याकडेही गवे आहेत, धोंडुबाईंकडून नंबर मिळाला म्हणे. विचारलं, मगदूम साहेब का? मी म्हणालो, बोलतोय. प्रतिमा विश्लेषणाच्या तीन पद्धती समजावून सांगायला सुरुवात केली.

पाच मिनिटांनी ते म्हणाले, तुमी न्हवं, मोठं सायेब. शेण बघणारं.

आण्णांना फोन दिला. आण्णा म्हणाले, रविवारी येतो, सहाला निघतो. मग फोन परत माझ्याकडे आला. पलीकडच्याने विचारलं, घाटातनं सायबांस्नी घेऊन येणारं ड्रायव्हर तुमीच काय?

मी व्हय म्हणालो.

आण्णांनी सांगून ठेवलंय, चप्पल नको, बूट घाल, आणि गाडीत बसून राहायचं नाही.