मागच्या खोलीतली वाळू

६ मार्च १९९४, रविवार

आलो बुवा एकदाचे! आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये सव्वीस वर्षं काढली आणि आज मयूर विहारात स्वतःच्या घरात झोपणार. तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एक छोटी खोली. त्या छोट्या खोलीची फरशी तेवढी राहिली आहे. ठेकेदाराने यमुनेची वाळू आणून गुडघाभर भराव घातला आणि गवंडी दुसऱ्या सोसायटीच्या कामाला पळवले. जिकडे बघावं तिकडे बांधकाम, एकेका गवंड्यामागे चार मालक. हो जाएगा बाबूजी, एवढंच ठेकेदार म्हणतो. सेक्शन ऑफिसर असताना मीही लोकांना जन्मभर हेच सांगत आलो, तेव्हा तक्रार कुठल्या तोंडाने करू?

सरला भलती खूश आहे. नव्या शेगडीवर दूध उतू घालवलं, देव मांडले, मग खिडकीशी जाऊन उभी राहिली. नदी अशी काही दिसत नाही, पण वाळवंट दिसतं आणि त्यावरचे खरबुजांचे वेल दिसतात. रिटायर झालेला नवरा दिवसभर घरात म्हणजे डोक्याला ताप, काहीतरी उद्योग शोधा, असं तिने मला आजच बजावलं आहे.

२० मार्च, रविवार

उद्योग सापडला. शेजारच्या बिल्डिंगमध्ये कृतिका नावाची मुलगी आहे, मराठीच, वय बावीस-तेवीस. परदेशात कुठल्याशा समुद्रकिनाऱ्यावर सहा महिने बिनपगारी राबून कासवं राखून आली! आता इथे यमुनेतली कासवं वाचवायला माणसं गोळा करते आहे. दिल्लीत वाढल्यामुळे वाळूला रेती म्हणते, अर्धं हिंदी बोलते, पण पोरगी गोड आहे.

काम असं. कासवीण वाळूत अंडी पुरून निघून जाते. ती कुत्री उकरतात, नाहीतर खरबूजवाल्यांच्या फावड्याखाली जातात. म्हणून आपण ती अलगद काढायची आणि जाळी घातलेल्या वाळूच्या तुकड्यात नेऊन पुरायची. नियम एकच. अंडं जसं पडलेलं असेल तसंच उचलायचं, वरची बाजू वरच राहिली पाहिजे. आतलं पिल्लू वरच्या बाजूला कवचाला धरून असतं, अंडं फिरलं की ते गुदमरतं. म्हणून प्रत्येक अंड्याच्या डोक्यावर आधी पेन्सिलने खूण करायची.

सरला हे सगळं तोंड उघडं टाकून ऐकत होती. माझ्याआधी तिनेच नाव नोंदवलं. आम्हाला मूलबाळ नाही. एक मुलगी झाली होती, राहिली नाही. त्या विषयावर आमच्या घरात बोलत नाहीत.

२७ मार्च, रविवार

आज आमचं पहिलं घरटं! तेवीस अंडी. कृतिकाची परीक्षा आहे, त्यामुळे आम्ही दोघंच होतो. सरलाने पोटावर पडून एकेक अंडं काढलं, एकेकावर खूण केली. चोपन्न वर्षांची बाई, पण हात कसा लहान मुलीसारखा चालत होता. मग ती खरबूजवालीशी बोलायला गेली आणि डबा माझ्याकडे आला.

अंड्यांना चिखल लागला होता. चिखल लागलेला कागद पुढे पाठवायची मला सवय नाही. हातपंपावर नेऊन सगळी स्वच्छ धुतली. धुतल्यावर खुणाही गेल्या. मग अंदाजाने पुन्हा केल्या, शिवाय ओळीने एक ते तेवीस आकडेही घातले. सरला म्हणाली, काय सुरेख दिसताहेत हो. मी घाईने डब्याचं झाकण लावलं. पिल्लं बाहेर यायला सत्तर दिवस लागतात, तेवढ्याचाच प्रश्न आहे, आणि निसर्ग काही आमच्या मंत्रालयाइतका काटेकोर नसणार.

१५ मे, रविवार

ऊन मी म्हणतंय. लूचा गरम वारा असा की दाराची कडी हाताला चटका देते. तरी सरला रोज सकाळी जाळीपाशी जाऊन बसते. आज मी मागून गेलो, तर वाळूशी बोलत होती. थांबा, अजून बाहेर यायचं नाही, फार गरम आहे, असं काहीतरी. मला बघून लाजली. इतकी वर्षं संसार केला, पण हिला असं कधी पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं, आणि त्याच वेळी हातपंपावर धुतलेली ती अंडी आठवली.

५ जून, रविवार

आज सत्तरावा दिवस. पहाटे एकटाच गेलो. उकरलं.

सगळी नासली होती. तेवीसच्या तेवीस. वास अजून नाकातून जात नाही. माझंच काम, दुसऱ्या कोणाचं? हातपंपावर कवतिकाने धूत बसलो होतो, गाढव!

सरलाला काय सांगणार होतो? अंडी डब्यात भरली, वाळू सारखी केली, घरी येऊन मागच्या खोलीतल्या भरावात पुरली. उद्या कचऱ्यात टाकीन म्हटलं. मग तिला उठवून सांगितलं की पहाटे पिल्लं बाहेर आली, मी पाण्यात सोडली. कृतिकालाही तेच सांगितलं. ती बिचारी नाचायलाच लागली. सरलाने फक्त विचारलं, तुम्ही स्वतः सोडलीत? मी हो म्हणालो. अच्छा, म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.

७ जून, मंगळवार

अंडी टाकायला गेलो तर सरला त्या खोलीत वाळूवर बसलेली. बरोबर त्याच जागेवर. गार वाटतं म्हणाली. दिवसभर उठली नाही. जेवण तिथेच मागितलं.

संध्याकाळी मुलीची गोष्ट काढली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, तिलाही तुम्ही पाण्यातच सोडलंत ना?

इथे लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार? नाही सोडलं. दोन दिवसांची पोर गेली, हॉस्पिटलात दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. मला तोंड बघवलं नाही. तिथल्या एका आयाकडे दिली, जे करायचं ते कर म्हणालो, आणि बाहेर येऊन बाकावर बसलो. आयाने वाळूत पुरलं की आणखी काय केलं, मला ठाऊक नाही. सरलाला सांगितलं, यमुनेत सोडलं, शांतपणे गेली. ती त्यावर जगली. परवा पुन्हा तेच वाक्य तिला दिलं मी.

९ जून, गुरुवार

ती आंघोळीला गेली तेवढ्यात उकरलं. अंडी आहेत, पण फुटलेली. आतून. आत काही नाही, वासही नाही.

वाळू गरम आहे. खोली उत्तरेला, तिथे ऊन येत नाही. वर गार, हात खाली घातला की ताप आलेल्या अंगासारखी.

उंदीर असतील. उंदीरच असणार.

१० जून, शुक्रवार

वरच्या मजल्यावरचे डॉक्टर सुखदेव रामटेके येऊन गेले. नागपूरचे, सरकारी नोकरीत आहेत, फार सज्जन माणूस. ऊन बाधलंय म्हणाले, मीठ-साखरेचं पाणी द्या. जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, वहिनींच्या हातांना काय झालं? नखं झिजली आहेत, बोटांची कातडी राठ, जाड. रात्रंदिवस उकरल्याशिवाय असं होत नाही म्हणाले. मी विषय बदलला. भित्रा तो भित्राच मी.

सरला हसतमुख आहे. मला म्हणते, पावलं न वाजवता चाला, झोप मोडते.

कोणाची, ते विचारलं नाही.

११ जून, शनिवार

वाळूवर ठसे. खोलीच्या मध्यातून निघून दारापर्यंत आणि परत.

कासवाचे म्हणून वाकून बघितलं — देवा, पाच बोटं. चिमुकला तळवा. रांगणाऱ्या मुलाचा.

सरलाने पदराने पुसून टाकले. पसारा करते नुसती, म्हणाली. कौतुकाने म्हणाली.

१२ जून, रविवार

तिच्या ब्लाउजवर दोन ओले डाग. घाम म्हणालो. घाम नाही. दुधाचा वास मला कळतो —

चोपन्न वर्षांची आहे ती.

रामटेक्यांना वर जाऊन सांगितलं. अर्धंच सांगितलं. उद्या दुपारी हॉस्पिटलची गाडी घेऊन येतो म्हणाले. तिला नेलंच पाहिजे. बाकी गेलं खड्ड्यात, सरला वाचली पाहिजे. मला दुसरं आहे कोण?

खोलीतून अंगाईचा आवाज. थांबली की कोणीतरी कुरकुरतं. पुन्हा सुरू होते.

१३ जून, सोमवार, सकाळ

बाहेर येत नाही. ओढली तर चावली मला. सरला — चावली.

बाहेरून कडी घातली. गाडी येईपर्यंतच. खिडकीला गज आहेत. कुठे जाणार?

दुपार

आंधी आली. भर दुपारी काळोख, वीज गेली, तोंडात धूळ. गाडी नाही. रामटेके नाहीत. मेणबत्ती लावून लिहितोय.

तासाभरापासून आत आवाज नाही. कडी काढली.

खोली रिकामी.

गज जागेवर. कडी मीच काढली. सरला नाही. मधोमध वाळू खाली बसली आहे, ताटाएवढी, आणि हलतेय — वरखाली — श्वास घेतल्यासारखी —

सगळं सांगितलं. गुडघ्यांवर बसून, वाळूला. अंडी मी मारली. पोरीला मी बघितलंसुद्धा नाही, परक्या बाईच्या हातात दिली, तुला खोटं सांगितलं, दोनदा, सरला, माझी चूक झाली, वर ये —

खालून म्हणाली, ठाऊक आहे. रागावून नाही. दमलेल्या माणसासारखी म्हणाली. ती सांगते ना मला सगळं, म्हणाली.

उकरतोय. भराव गुडघाभरच आहे. माझा हात खांद्यापर्यंत गेला. तळ नाही. डाव्या हाताने हे लिहितोय, रामटेके आले तर त्यांना कळावं की मी तिला सोडून —

बांगड्या लागल्या! सरलाचा हात. गरम. जिवंत. ओढतोय — येत नाही — ती वर यायचं बघतच नाही —

तिच्या मुठीत काहीतरी —

एवढासा हात. माझं बोट धरलं. घट्ट. सुटत नाही. मेणबत्ती कलंडली — खांदा वाळूत — गाल —

सरला म्हणतेय, अहो, आता तरी बघा तिचं तों